पाठीमागची रेषा

उज्जयिनीला रेषांचे नगर म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा, म्हणजे जिच्यापासून इतर सर्व स्थळांचे अंतर मोजावयाचे ती रेषा, याच नगरीवरून गेलेली मानली. कर्कवृत्तही येथून फार दूर नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने क्षिप्रेच्या काठी वेधशाळा उभारली. तिच्यातील भित्तियंत्र हे नावाप्रमाणे एक भिंतच आहे. पण ती बरोबर दक्षिणोत्तर उभी आहे, आणि मध्यान्ही सूर्य त्या न दिसणाऱ्या रेषेवर येतो तेव्हा त्याची उंची तिच्यावर मोजता येते. पुढे वेधशाळा मोडकळीस आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तेथे काम केले.

त्याच १९२३ साली दुसऱ्या एका मराठी संस्थानात, बडोद्यास, आणखी एका मध्यरेषेची निश्चिती चालली होती. ती रेषा फक्कीने आखलेली होती, तिची लांबी काही पावलांचीच होती, आणि खेळ रंगात आला की ती पायांखाली पुसूनही जात असे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्या वर्षी हुतूतूचे नियम मांडून अखिल भारतीय सामने भरविले. गल्लीगल्लीत निरनिराळ्या रीतीने खेळला जाणारा हा खेळ एका मापात बसविण्याच्या प्रयत्नांतील ती महत्त्वाची पायरी होय. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध होता असे नव्हे. तो निव्वळ योगायोग आहे. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. जी रेषा डोळ्यांना नीट दिसत नाही, तिचे भान कसे राखावयाचे?

माळव्यात मराठी माणूस आला तो प्रथम घोड्यावर बसून आला. राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. दौलतरावांच्या काळी राजधानी ग्वाल्हेरास गेली, तरी मराठी वस्ती येथे राहिलीच. कारकून, शिलेदार, भिक्षुक, शिक्षक अशी घरे उज्जैन, इंदूर, देवास, धार या गावांत रुजली. घरात मराठी, रस्त्यावर माळवी व हिंदी, असे त्यांचे दुभाषी जीवन होते. महाराष्ट्रात ज्याला हुतूतू म्हणतात त्याला हिंदी मुलखात कबड्डी म्हणतात. बंगालात तोच हाडूडू आणि तमिळ देशात चडुगुडू. खेळ एक, नावे अनेक. मराठी शरीरविद्येचे दुसरे लेणे जो मल्लखांब, त्याला तर उज्जैनने आपलेच मानले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली, तो मल्लखांब २०१३ साली मध्य प्रदेशाचा राज्यखेळ ठरला, आणि २०२० साली उज्जैनचे मल्लखांब-प्रशिक्षक योगेश मालवीय यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मल्लखांबाचा हा गौरव यथायोग्य आहे. मात्र मल्लखांबात खांब हलत नाही. त्याला आपले मन नसते, तो फसवीत नाही, वाट अडवीत नाही. हुतूतूत समोर सात खांब असतात आणि सातही चालतेबोलते असतात. मल्लखांबात शरीर कमावले जाते. हुतूतूत कमावलेल्या शरीराला डोळे फुटावे लागतात. हा दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणी लिहून ठेवला नाही. हुतूतूचे वर्णन करावयाचे म्हटले की दम, ताकद, चपळाई हे तीन शब्द येतात आणि लेखणी थांबते. चढाई करणारा नेमके काय पाहतो, केव्हा ठरवितो, आणि ठरविण्यास त्याला किती अवकाश मिळतो, हे प्रश्न बाजूसच राहतात.

हे प्रश्न अमेरिकेत मात्र मोठ्या हौसेने चर्चिले जातात. तेथील फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात अंडाकृती चेंडू काखेत धरून एक धावपटू प्रतिपक्षाच्या गर्दीत घुसतो. दोन गोलरेषांमध्ये शंभर यार्डांचे मैदान असते; पण खरी कसोटी शेवटच्या दोन-तीन यार्डांत लागते. तेथे दोन्ही पक्षांचे धिप्पाड गडी एकमेकांना भिडून जणू भिंत उभी करतात. त्या भिंतीत कोठे क्षणभर फट पडेल ती हेरावयाची, ती पडण्याआधीच तिच्याकडे वळावयाचे, आणि चेंडू रेषेपार न्यावयाचा. चेंडूच्या टोकाने रेषा ओलांडली तरी पुरे. या धावपटूच्या ठायी जी दृष्टी लागते तिच्यावर तेथील जाणते लोक तासन् तास बोलतात. बळकट पायांचे गडी पुष्कळ मिळतात, फट पाहणारे थोडे, असा त्यांचा अनुभव आहे.

त्या खेळातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेंडेल येथे त्यांचा वर्षाचा अंतिम सामना झाला. सिॲटलचा संघ चार गुणांनी मागे होता. गोलरेषा एका यार्डावर, म्हणजे हातभर पुढे होती, आणि सामन्याचे अर्धे मिनिटही उरले नव्हते. त्या संघात मार्शॉन लिंच हा नामांकित धावपटू होता. चेंडू त्याच्याच हाती जाणार, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. परंतु प्रशिक्षक पीट कॅरॉल यांच्या संघाने तो फेकण्याचा डाव निवडला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने तो मध्येच झेलला आणि सामना २८-२४ असा न्यू इंग्लंडने जिंकला. फटीकडे पाहणारा एक होता आणि निर्णय दुसऱ्यांचा होता, हे या प्रसंगाचे मर्म होय.

हुतूतूत असे घडू शकत नाही. चढाईस गेलेला गडी आणि निर्णय घेणारा गडी एकच असतो. मध्यरेषा ओलांडली की कर्णधार, प्रशिक्षक, सोबती सगळे पाठीमागे राहतात. ते ओरडू शकतात, परंतु त्यांच्या ओरडण्याकडे लक्ष द्यावयास त्याला फुरसत नसते; तोंडाने 'कबड्डी कबड्डी'चा अखंड घोष चालू असतो आणि डोळे सात जणांत वाटलेले असतात. या एकाकीपणामुळेच की काय, काही लोक या खेळाची नाळ अभिमन्यूशी जोडतात. अभिमन्यू चक्रव्यूहात एकटा शिरला, हा एकटा शत्रूच्या अंगणात शिरतो, इतके साम्य खरे. पण इतिहासाच्या दृष्टीने या जोडणीला आधार नाही, आणि खेळाच्या दृष्टीनेही ती नेमकी उलटी आहे. अभिमन्यूला आत शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. हुतूतूत आत शिरणे ही कोणालाही साधणारी गोष्ट आहे. सारी विद्या बाहेर पडण्याची आहे.

या खेळाचे जुनेपण शोधावयाचे तर पुराणांपेक्षा संतवाङ्मयाकडे वळणे बरे. तुकोबांच्या गाथेत मुलांच्या खेळांवर रचलेले अभंग आहेत. एकनाथांच्या भारुडांनीही लोकांच्या खेळांना हाताशी धरले. ज्या खेळाचे रूपक ऐकताच श्रोत्यांना कळते तो खेळ त्यांच्या अंगणातला असतो, एवढे यावरून नक्की म्हणता येते. आट्यापाट्या हा असाच दुसरा जुना खेळ. त्यात जमिनीवर एकापुढे एक आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा राहतो आणि मधून उभी सूरपाटी जाते. चुकवीत चुकवीत साऱ्या पाट्या ओलांडावयाच्या आणि पुन्हा परत यावयाचे. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. लोण म्हणजे मीठ. कोकणातील मिठागरांच्या बांधांवरून हा खेळ निघाला असावा, असे त्यावरून काही जाणकार म्हणतात. हाच लोण शब्द हुतूतूतही आहे. सबंध पक्ष बाद झाला म्हणजे त्याच्यावर लोण चढला असे म्हणतात. अमेरिकेतल्या त्या धावपटूचा सख्खा भाऊ शोधावयाचा झाल्यास तो या आट्यापाट्यांच्या मैदानावर सापडेल. तोही पुढे पाहत धावतो आणि त्याच्याही समोर रेषा राखणारे गडी उभे असतात.

पण हुतूतूतील चढाईवाल्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी होण्याचे कारण अगदी साधे आहे. त्याचे तोंड शत्रूकडे असते आणि त्याला पोहोचावयाचे असते ती रेषा त्याच्या पाठीमागे असते.

हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन धावपटूला आपली रेषा दिसते. आट्यापाट्यांतील गड्याला पाटी दिसते. चढाईवाल्याला मात्र मध्यरेषा पाहावयाची असेल तर मान वळवावी लागेल, आणि मान वळविली की त्याच क्षणी उजव्या कोपऱ्यातला गडी घोट्यावर झडप घालील. म्हणून तो रेषा पाहत नाही. ती पायांत वागवितो. पुरुषांच्या क्रीडांगणाची लांबी १३ मीटर व रुंदी १० मीटर. म्हणजे प्रत्येक पक्षाच्या वाट्यास साडेसहा मीटर येतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनसरेषा. कोणालाही स्पर्श न करता परतावयाचे तर निदानरेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. बोनसरेषेपलीकडे पाय टेकविणाऱ्याला परत यावयास पावणेपाच मीटर, म्हणजे चार-पाच पावले लागतात. ही चार-पाच पावले उलटी, अर्धवट वाकून, हात पुढे पसरून टाकावयाची. कितवे पाऊल चालू आहे याचा हिशेब मनाने ठेवावयाचा नसतो, तो सरावाने अंगातच बसलेला असावा लागतो. ज्याच्या पायांत ही मापे बसली नाहीत त्याची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी निरुपयोगी, कारण ती अर्धा वेळ स्वतःच्या पायांची चौकशी करण्यात खर्च होते.

पाय असे आपले काम पाहू लागले की डोळे मोकळे होतात. मग ते काय पाहतात? नवखा गडी प्रतिपक्षाच्या हातांकडे पाहतो, कारण पकड हातांनी होते. मुरलेला गडी कमरेकडे आणि पावलांकडे पाहतो. हात खोटे बोलू शकतात. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे लपविता येत नाही. कोपऱ्यातल्या गड्याने मागच्या पायाच्या चवड्यावर भार घेतला की तो झेपावणार. टाच जमिनीवर असेल तर तो अजून विचारात आहे. दोघे गडी हात धरून साखळी करतात तेव्हा चढाईवाला साखळीच्या मधल्या जोडाकडे पाहतो. हात घट्ट असतील तर दोघे एकदम येतील. सैल झाले असतील तर त्यांतला एकजण आपल्याच मनाने झेप घेण्याच्या बेतात आहे. मध्यरक्षक बाजूने सरकू लागला तर तो पकड करणार नाही, तो छातीने धक्का देऊन मैदानाबाहेर लोटणार. हे सारे एका पाहण्यात पाहावयाचे असते. एकेकाकडे पाहून बेरीज करीत बसणाऱ्याची बेरीज पुरी होण्याआधीच तो जमिनीवर असतो.

आणि मग शेवटचा हातभर. पकड बसलेली आहे, दोन-तीन गडी अंगावर आहेत, दम अजून टिकून आहे, आणि पाठीमागे कोठेतरी ती रेषा आहे. नियम असा की दम न सोडता शरीराच्या कोणत्याही भागाने, अगदी बोटाच्या टोकाने जरी रेषा गाठली तरी चढाईवाला सुटला, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरले होते ते सगळे बाद. म्हणजे एका बोटाच्या अंतरात दोन टोकांचे निकाल असतात. येथे दोन वाटा असतात. उभे राहून ओढत नेणे ही एक. यात ताकद लागते, पण पाय हाताशी राहतात. अंग झोकून देणे ही दुसरी. यात शरीराची सारी लांबी रेषेकडे जाते, परंतु पाय सुटतात आणि उडी वीतभर कमी पडली तर दुसरी उडी मिळत नाही. झोकून कधी द्यावयाचे हा या खेळातील सर्वांत कठीण निर्णय होय. लवकर दिले तर हात पोहोचत नाही; उशीर केला तर चौथा गडी येऊन चढतो. या निर्णयाच्या वेळी डोळ्यांचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो, कारण समोर केवळ धूळ व माणसांची अंगे असतात. मघाशी चढाईच्या आरंभी जे पाहून ठेवले तेच आता कामी येते.

अलीकडच्या काळात प्रदीप नरवाल या हरियाणाच्या खेळाडूने या शेवटच्या हातभराचे एक स्वतंत्र शास्त्र केले. साखळी अंगावर आली की तो मागे न सरता खाली बसे आणि पसरलेल्या हातांच्या खालून निसटून रेषेकडे झेप घेई. या डावाला 'डुबकी' हे नाव पडले. बचाव करणारे आडव्या फटी बुजवीत होते. याने उभी फट शोधली. २०१७ च्या व्यावसायिक हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळविले. याच्या उलट भारताचा कर्णधार अनुप कुमार. त्याच्या खेळात झोकून देण्याचे प्रसंग थोडे. एका पावलाचा बोनस घेऊन, तोंडावरचे हसू न मोडता तो परतत असे. बघ्यांना डुबकी अधिक आवडते यात नवल नाही. पण जो पकडीपर्यंत वेळच येऊ देत नाही त्याची नजर श्रेष्ठ म्हणावी लागेल, कारण त्याने शेवटच्या हातभराचा प्रश्न आधीच सोडवून टाकलेला असतो.

ही नजर घडली कशी, याचे उत्तर नियमांच्या इतिहासात आहे. जुन्या हुतूतूत घड्याळ नव्हते. ज्याचा दम जितका टिके तितकी त्याची चढाई. बाद झालेल्या गड्याचे पुढे काय, यावर संजीवनी, गामिनी, अमर असे खेळाचे वेगवेगळे प्रकार होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई. गामिनीत गेलेला गेलाच. अमर प्रकारात गडी मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजीत. प्रत्येक प्रकाराचे धोरण निराळे. गामिनीत एका चुकीची किंमत सबंध डावभर भोगावी लागे, म्हणून तेथे चढाईवाला जपून राही. अमरात गमावण्यासारखे थोडे, म्हणून तेथे धाडसाला ऊत. संजीवनी मधली, आणि तीच पुढे सर्वमान्य ठरली. धाडसाला वाव आणि धाडसाचा हिशेब ही दोन्ही तिच्यात आहेत.

पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंदविजय जिमखाना आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ, या संस्थांनी हे नियम घासूनपुसून घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत हुतूतू होता. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या आखाड्याने वऱ्हाडातून थेट बर्लिन गाठावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९३८ साली कलकत्त्यास भारतीय ऑलिंपिक क्रीडांत या खेळाचा समावेश झाला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासेस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि देशभर कबड्डी हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात कित्येकांना हुतूतू हे नाव सोडताना वाईट वाटले. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मात्र नावापेक्षा खेळ मोठा मानला आणि तो देशाबाहेर नेण्यासाठी आयुष्य वेचले.

मुंबईत या खेळाला गिरण्यांनी जगविले. लालबाग-परळच्या चाळींतून, दिवसपाळी सुटल्यावर, मातीच्या मैदानांवर दिव्यांच्या उजेडात सामने होत. मातीवर घसरता येई, रेषा पुसे, पंचांशी वाद होत. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले, तसे त्या मैदानांचे वैभवही ओसरले. मातीची जागा मॅटने घेतली, पायांत बूट आले, आणि चढाईस तीस सेकंदांची मर्यादा पडली. व्यावसायिक सामन्यांत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावयाचा किंवा बाद व्हावयाचे, असाही नियम आला. काही जुन्या मंडळींना हे नियम परके वाटतात. परंतु त्यांनी चढाईवाल्याच्या निर्णयावरील भार वाढविला, हे कबूल करावे लागेल. पूर्वी त्याला आपला श्वास तेवढा मोजावयाचा होता. आता त्याला घड्याळ, गुणफलक, समोर उरलेले गडी आणि आपली कितवी चढाई आहे, हे सर्व एकत्र मोजावे लागते. सहा किंवा अधिक गडी असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा कमी असतील तर पकडीचा जास्तीचा गुण प्रतिपक्षास जातो. म्हणजे पाच गडी समोर असताना जी चाल शहाणपणाची, तीच तीन असताना घातक ठरू शकते.

१९९० साली बीजिंग येथे कबड्डी आशियाई क्रीडांतील पदकाचा खेळ झाला, आणि त्या वर्षापासून भारतीय पुरुषांनी ओळीने सात वेळा सुवर्णपदक मिळविले. या यशाने एक समजूत बळावली. हा खेळ आपल्या मातीचा, आपल्या रक्तातला, तेव्हा ही नजरही आपल्याला जन्मजात आहे, अशी ती समजूत. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणने मध्यंतरापर्यंत आघाडी घेतली, तेव्हाच तिला तडा जावयास हवा होता. पण अजय ठाकूरने उत्तरार्धात सामना फिरविला, भारत ३८-२९ असा जिंकला आणि समजूत शाबूत राहिली.

ती मोडली जकार्तास. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील आशियाई क्रीडांत भारतीय पुरुषांचा उपान्त्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा पराभव झाला. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना झाला; तोही इराणने २७-२४ असा जिंकला. पुरुषांच्या सामन्यात भारतीय चढाईवाले पुन्हा पुन्हा इराणच्या साखळीत सापडले. इराणी गडी कुस्तीत वाढलेले, त्यांची ताकद मोठी, असे स्पष्टीकरण लगेच देण्यात आले. ते अपुरे आहे. नुसत्या ताकदीने साखळी येत नाही. चढाईवाल्याचे पाऊल कितवे आहे हे बचावालाही मोजता यावे लागते. जी नजर चढाईची, तीच उलट बाजूने बचावाची. आणि इराणच्या महिलांना ती शिकविणाऱ्या प्रशिक्षक शैलजा जैन या नाशिकच्या होत्या. महाराष्ट्राच्या मैदानांवर अनेक पिढ्यांनी कमावलेले ज्ञान एका मराठी बाईने परदेशी जाऊन, भाषा, अन्न व रीतिरिवाज सगळे परके असताना, तेथील मुलींच्या अंगी उतरविले. त्यांच्या शिष्यांपुढे भारतीय मुली हरल्या याचे दुःख येथे पुष्कळांना झाले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु आपल्याकडे जे आपोआप येते असे म्हणून शिकवावयाचे राहिले होते, तेच तेथे नीट शिकविले गेले होते, ही गोष्ट त्या दुःखाहून अधिक विचार करण्याजोगी आहे.

पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे पुन्हा भारत व इराण अंतिम सामन्यात समोरासमोर आले. गुण २८-२८ असे बरोबरीत, एखादेच मिनिट बाकी, आणि चढाईस भारताचा कर्णधार पवन सेहरावत. ती गुण मिळवावयाचाच अशी निर्णायक चढाई होती. कोणालाही स्पर्श होण्याआधी तो बाजूच्या राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे गडीही त्या पट्ट्यात शिरले. आता बाद कोण? एकटा पवन की ते सगळे? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. पंचांनी एकदा निर्णय दिला, तो फिरविला, पुन्हा बदलला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले आणि सुमारे तासभर सामना थांबला. मैदानाच्या कडेच्या एका मीटरभर पट्ट्याचा अर्थ काय हेच कोणास ठाऊक नव्हते, तेव्हा त्यात पाऊल टाकणाऱ्याने तरी तो कोठून वाचावा? अखेर कौल बव्हंशी भारताकडे गेला, खेळ पुन्हा सुरू झाला आणि भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला.